सातवा राघू

आमच्या घरात माझी एक खोड प्रसिद्ध आहे. मला वाकडं काही बघवत नाही. भिंतीवरची तसबीर कलती दिसली की माझे हात शिवशिवतात, आणि पानावर बसलो की चटणी-कोशिंबीर आधी ओळीत सरळ करून मगच मी भाताला हात लावतो, असं आमची मंडळी आल्यागेल्याला सांगत असतात. वीस वर्षं पुण्यात मुलांना चित्रकला शिकवली, त्याचा हा परिणाम असेल. दुसरी खोड म्हणजे रस्त्याने वर बघत चालायची. लोक पेठेतून जाताना दुकानं बघतात, मी दुकानांच्या वरचं बघतो. कुणाच्या तुळईला मोर असतो, कुणाच्या खिडकीवर चुन्याचा गणपती. या नादात ठेचा किती खाल्ल्या त्याला गणती नाही.

रत्नागिरीला माझा जुना मित्र दामू राहतो. तोही माझ्यासारखाच ड्रॉइंग मास्तर. "एकदा ये आणि आमच्या गावची घरं बघ, तुमच्या पेशव्यांनी पाहिली नसतील अशी सोंगं आहेत," असं तो दर दिवाळीला पत्रातून लिहायचा. शेवटी एका माघात मी आठ दिवसांची रजा काढलीच. निघताना मंडळींनी दशम्यांचं गाठोडं हातात दिलं आणि म्हणाल्या, "तिकडे समुद्र आहे म्हणे. वर बघत चालू नका."

सोमवार, मांडवी

मुंबईहून आगबोटीने गेलो. त्या प्रवासाबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांना बोट लागते त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना लागत नाही त्यांचा विश्वास बसणार नाही.

रत्नागिरीला मांडवीच्या बंदरात आगबोट काठाला लागत नाही. ती दूर उभी राहते, मग पडावात उतरायचं, आणि पडावही वाळूपर्यंत पोचत नाही म्हणून शेवटची पंधरावीस पावलं खलाशाच्या खांद्यावरून जायचं. मला एका धिप्पाड खलाशाने उचलून खांद्यावर घेतलं. एका हातात जोडे, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली चित्रांची वही, अशी माझी स्वारी निघाली. तेवढ्यात काठावरच्या एका कौलारू घराच्या आढ्यावर मला पत्र्याचा एक मासा दिसला. खरा वाटावा असा, खवल्याखवल्यांचा, आणि वाऱ्याबरोबर गरकन फिरणारा. तो नीट दिसावा म्हणून मी मान वळवली, मानेबरोबर अंग वळलं, आणि मी आणि खलाशी दोघेही गुडघाभर पाण्यात बसलो.

वही तेवढी मी डोक्यावर धरली होती. जोडे गेले ते एका पोक्त कोळणीने आणून दिले.

"अवो, रस्ता खाली हाय," तो खलाशी धोतर पिळत म्हणाला, "तुमी आभालात काय बगताव?"

मी माशाकडे बोट दाखवलं. त्याने एकदा माशाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा धोतर पिळायला लागला.

वाळूत दामू पोट धरून हसत उभा होता. "आल्या आल्या समुद्रस्नान! पुणेकरांना पुण्याची फार घाई." मग चालता चालता त्याने त्या माशाची हकीगत सांगितली. घर एका म्हाताऱ्या तांडेलाचं आहे. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य. आता त्याचे गुडघे गेले, समुद्रावर जाणं संपलं. पण वारा कुठला आहे हे कळल्याशिवाय त्याला सकाळचा चहा गोड लागत नाही, म्हणून त्याने तो मासा करून घेतला. मी ओल्या धोतराने उभ्या उभ्या माशाचं चित्र काढलं. रत्नागिरीतलं माझं पहिलं चित्र ते.

मंगळवार, गावातून

दामूच्या घरी सकाळी मऊभात असतो. वर तूप, मेतकूट आणि बाजूला लिंबाचं लोणचं. आमच्याकडे असला भात आजाऱ्याला देतात. इथे तो खाऊन माणसं डोंगर चढतात. नारळाचंही तसंच. आमच्याकडे नारळ देवापुढे फुटायचा आणि वाट्याला नखाएवढा तुकडा यायचा. दामूच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, दुपारच्या एका आमटीत जेवढा खोवला तेवढा आमच्या घरी चातुर्मासभर पुरेल. बोलण्याचा सूरही निराळा. वाक्य संपता संपता वर चढतं आणि नाकात शिरतं. पहिल्या दिवशी मला सगळे रुसल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी कळलं की हे प्रेमाने बोलताहेत.

घरं सगळी जांभ्या दगडाची. आमच्या काळ्या पाषाणापुढे हा दगड मऊ आणि तांबडा, भिजल्या विटेसारखा. त्यात बारीक नक्षी टिकत नाही, म्हणून इथल्या लोकांची सगळी हौस लाकडात आणि चुन्यात उतरली आहे. आणि हौस तरी काय! एका वकिलांच्या फाटकावर चुन्याचे दोन सिंह बसलेत. आयाळ आहे, पंजे आहेत, पण तोंड साफ मांजराचं, वर मिश्या. मी वकिलांना विचारलं, तर ते मोठ्या अभिमानाने म्हणाले, "सिंह बघितलाय कोणी इथे? गवंडी म्हणालान, घरात बोका आहे तो बसवा समोर. आमच्या बोक्याचं हुबेहूब तोंड आहे हो ते. बोका गेला, पण सिंह आहे."

पुढे एका गल्लीत सगळ्या खिडक्या गोल असलेलं घर लागलं. घरमालकाचा जन्म बोटीवर नोकरीत गेला. चौकोनी खिडकीतून बाहेर बघून झोप येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्याच अंगणातल्या तुळशीवृंदावनाला चिनी मातीच्या फुटक्या बशांचे तुकडे बसवलेले होते, निळी फुलं, सोनेरी काठ, एका तुकड्यावर अर्धी मडम. परदेशातून बायकोसाठी प्रत्येक खेपेला कपबशा आणायचा आणि पडावातून उतरवताना त्या दर खेपेला फुटायच्या. बायकोने एकही तुकडा टाकला नाही. दामूने मला तिथून ओढूनच काढलं.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. चित्रं काढताना मी माझी खोड सोडली नव्हती. तुळशीवृंदावनाचा एक कोपरा खचला होता, तो वहीत मी सरळ केला. सिंहाची एक मिशी तुटली होती, ती भरून काढली. मनात म्हटलं, चित्रात तरी गोष्टी जशा असायला हव्यात तशा असाव्यात.

बुधवार, पेठेतलं घर

पेठेच्या टोकाला वासूशेटांचं घर आहे. नारळ आणि काथ्याचा त्यांचा व्यापार. घर माडीचं, आणि माडीला रस्त्याच्या बाजूने लांबच लांब सज्जा. सज्ज्याला सात खांब, प्रत्येक खांबाच्या डोक्याशी छपराला आधार द्यायला बाहेर आलेला लाकडी टेकू, आणि प्रत्येक टेकूच्या टोकावर खुंटीने बसवलेला लाकडाचा राघू. असे राघू मी पुण्यातही पाहिले नाहीत. मान किंचित तिरपी, चोच उघडी, आता खाली वाकून कुणाला तरी हाक मारतील असे. दामू म्हणाला, हे गलबतं बांधणाऱ्या सुताराचं काम. नाळेवरचं, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावरचं, नक्षीकाम करणारा हात आहे हा.

मी समोरच्या दुकानाच्या फळीवर बसून चित्र काढायला लागलो. एक, दोन, तीन करता करता सातव्याशी आलो आणि माझा हात थांबला. सातवा उलटा होता. सहा राघू रस्त्याकडे बघतात, आणि कोपऱ्यावरचा सातवा रस्त्याला पाठ करून घराच्या खिडकीकडे. दिसते ती नुसती शेपूट.

मला तुम्ही ओळखताच. इतकी सुंदर ओळ आणि शेवटी हा घोळ! माझ्या दाताखाली खडा आल्यासारखं झालं.

तेवढ्यात वासूशेट स्वतःच बाहेर आले. जाडजूड, हसतमुख माणूस. पुण्याचे ड्रॉइंग मास्तर आपल्या घराचं चित्र काढताहेत म्हटल्यावर त्यांनी आग्रहाने ओटीवर नेलं, कोकमाचं सरबत दिलं. वैशाखात मुलाचं लग्न होतं, म्हणून घराची डागडुजी चालली होती. सुतार आणि रंगारी आवारातच होते. मी राघूंची तोंड भरून स्तुती केली. तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

"फक्त तो सातवा तेवढा सुताराने चुकीचा बसवलाय," मी म्हणालो.

वासूशेटांचा चेहरा उतरला. "चुकीचा नाही हो. वडील सांगायचे, मेस्त्रीने मुद्दाम तसा बसवलान. आमच्याकडे नव्या घरात एक उणं ठेवतात, दृष्ट लागू नये म्हणून. कुणी एक पायरी तिरकी ठेवतो, कुणी एक वासा आखूड."

"दृष्टीला बिब्बा बांधा, लिंबू बांधा," मी शहाणपण पाजळलं. "एवढ्या कलेला कशाला डाग? रस्त्याने जाणाराची नजर नेमकी तिथेच अडखळते. उद्या मुंबईचे वऱ्हाडी येतील, ते काय म्हणतील?"

वऱ्हाड्यांचं नाव काढल्यावर शेट विचारात पडले. मग त्यांनी आवारात हाक मारली, "मेस्त्री, उद्या सकाळी तो कोपऱ्यावरचा राघू काढून सरळ बसवा बरं का." मला केवढा आनंद झाला! परत येताना दामूला मी म्हणालो, रत्नागिरीवर आपण एक उपकार करून चाललो. आणि वहीत सातवाही राघू रस्त्याकडे तोंड केलेला काढून टाकला.

गुरुवार, तिथेच

सकाळी मऊभात खाताना ही मर्दुमकी मी वहिनींना सांगितली. त्या तूप वाढत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला.

"अगोबाई," त्या म्हणाल्या, "तो राघू मथूचा हो!"

मथूताई म्हणजे वासूशेटांची धाकटी बहीण. घराचं बांधकाम चालू असताना, नऊ वर्षांची असेल, तापात तिचे पाय गेले. आता पस्तिशीच्या पुढे आहे. तेव्हापासून माडीवरच्या कोपऱ्याच्या खोलीत खाटेवर पडून आहे. खिडकीतून तिला रस्ता दिसत नाही, आकाशाची पट्टी दिसते आणि तो राघू. वहिनी दर चैत्रात हळदीकुंकवाला वर जातात. "सकाळी उठल्यावर ती आधी त्याच्याशी बोलते. घरात कुणाला सांगत नाही, लाज वाटते तिला. मला एकदा बोललीन. आणि तुम्ही तो फिरवायला सांगून आलात?"

भात पानातच राहिला. आचवायचंही भान राहिलं नाही, सवयीने वही बगलेत मारली आणि तसाच उठलो. आयुष्यात प्रथमच मी खाली बघून चाललो, आणि धावत चाललो.

पोचलो तेव्हा सज्ज्याला शिडी लागलेली होती आणि सातव्या टेकूचं टोक रिकामं होतं. मेस्त्री राघू छातीशी धरून शिडी उतरत होता. वासूशेट खाली उभे. मी हात वर करून काहीतरी ओरडणार, एवढ्यात वरच्या खिडकीतून बाईमाणसाचा आवाज आला. अगदी साधा, न रागावलेला.

"मेस्त्री, चोचीला जपा हां. चोच नाजूक आहे त्याची."

आम्ही तिघांनीही चोचीकडे पाहिलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांत रस्त्यावरच्या कुणी पाहिली नव्हती ती चोच. बाकीच्या सहांच्या चोची रिकाम्या होत्या. याच्या चोचीत करवंदांचा झुबका होता, चार करवंदं आणि एक पान, पानाच्या शिरासुद्धा कोरलेल्या. रस्त्याकडच्या राघूंची पिसं ढोबळ होती. याचं प्रत्येक पीस सुटं. डोळ्यांत काळी गुंज बसवलेली.

मेस्त्री खाली बसला आणि त्यावरची धूळ पंच्याने पुसायला लागला. हे घर त्याच्या वडिलांनीच केलं होतं. "बाकीचे राघू बापाशीनं दिसाला एक केलान," तो म्हणाला. "ह्यो घरी आनून चार दिस करीत व्हता. माजी आवस वरडायची, येवडा कशाला कोरताव, रस्त्यावरनं कुनाला दिसनार हाय? तर म्हनायचा, ज्याला दिसायचा त्याला दिसंल."

"शेट, चूक माझी आहे," मी म्हणालो, आणि वहिनींनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं.

वासूशेट ओटीच्या पायरीवर बसले. "काल तिच्या खोलीत जाऊन मीच सांगितलं, राघू फिरवतोय म्हणून. पुण्याचे मास्तर हसले म्हटलं. ती म्हणाली, फिरव हो दादा, चारचौघांत बरं दिसत नाही." थोडा वेळ ते धोतराच्या सोग्याने तोंड पुसत राहिले. मग उठले, मेस्त्रीच्या हातातून राघू घेतला आणि मला म्हणाले, "चला वर."

परक्या पुरुषाने त्या खोलीत जावं अशी रीत नव्हती, पण त्या दिवशी कुणाला ती आठवली नाही. खोली लहान, स्वच्छ सारवलेली. खाटेवर मथूताई उशीला टेकून बसल्या होत्या. गोऱ्या, बारीक, केसांत एक पांढरी बट. वासूशेटांनी राघू त्यांच्या मांडीवर ठेवला.

इतकी वर्षं त्यांनी तो चार हातांवरून पाहिला होता. हात कधी लागला नव्हता. त्यांनी आधी एक बोट त्याच्या पाठीवरून फिरवलं, मग करवंदांना हात लावला, एकेकाला, मोजल्यासारखा. "अगो बाई, पाचवं पण आहे," त्या म्हणाल्या. पानाच्या मागे एक लहानसं करवंद दडलेलं होतं. ते खिडकीतून दिसत नसे. वासूशेट भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग मथूताईंनी आपणहून सांगितलं. आजारी पडल्यावर त्या पडल्या पडल्या सुताराचं काम बघत असत. एक दिवस त्याला म्हणाल्या, तुझे सगळे राघू रस्त्याकडे बघणार, मग माझ्याकडे कोण बघणार? आणि वर सड्याच्या माळावरची करवंदं आता मला कोण आणून देणार? तो मान खाली घालून कोरत राहिला. बसवायच्या दिवशी मात्र तो ओटीवर वडिलांना दृष्टीची काहीतरी गोष्ट सांगत होता, ती त्यांनी ऐकली. "लबाड होता मेला," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसल्या.

मी हात जोडले. त्यांनी माझ्या बगलेतल्या वहीकडे पाहिलं. "तुम्ही घराचं चित्र काढलंत म्हणे. बाहेरून कसं दिसतं? मी बघितलंच नाही. मला वर आणलं तेव्हा रंगही लागला नव्हता."

मी पान उघडून समोर धरलं. त्यांनी ते खूप वेळ पाहिलं. सज्जा पाहिला, खांब पाहिले, मग बोट ठेवून राघू मोजले. सातव्यावर बोट थांबलं.

"सगळेच बाहेर बघतायत," त्या हळूच म्हणाल्या. "मग माझा कुठाय?"

मी त्यांच्या खाटेशी जमिनीवर बसलो आणि खिशातून रबर काढलं. माझ्या वर्गात रबर फार वापरणाऱ्या मुलाला मी उभं करतो. सातवा राघू मी पुरता पुसला, चोच, डोळा, मान, सगळं. त्या जागी पाठ काढली आणि खाली शेपूट सोडली. वीस वर्षांत इतकं सांभाळून मी काही काढलं नसेल. तोवर बाहेर मेस्त्री राघू घेऊन शिडीवर चढला होता आणि वासूशेट स्वतः शिडी धरायला खाली गेले होते. खुंटीवर हातोडीचे तीन ठोके बसले. मथूताईंनी खिडकीकडे पाहिलं, मग चित्राकडे.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या.

ते पान मी वहीतून फाडून त्यांना दिलं.

परत आल्यावर

शुक्रवारच्या आगबोटीने निघालो. वहिनींनी आंबापोळी आणि सांडगे बांधून दिले. पडावापर्यंत न्यायला तोच खलाशी भेटला, मला खांद्यावर घेताना म्हणाला, "आज मान हलवू नुको हां." मी हलवली नाही. तांडेलाचा मासा नुसत्या डोळ्यांनी पाहिला. वारा उत्तरेचा होता.

वही आता शाळेतल्या मुलांना दाखवतो. मासा आहे, गोल खिडक्या आहेत. तुटक्या मिशीचा सिंह मी परत येताना बोटीवर पुन्हा काढला, एका मिशीचा. राघूंचं पान मात्र नाही. मंडळी म्हणतात, अलीकडे पानातली चटणी मी आहे तिथे राहू देतो.

तुमच्यापैकी कुणी रत्नागिरीला गेलात तर पेठेतून वर बघत चाला. ठेच लागेल, लागू द्या. टोकाच्या घराच्या सज्ज्याला सात राघू दिसतील, त्यातला कोपऱ्यावरचा सातवा पाठमोरा आहे. घरमालक ओटीवर बोलावतील, सरबत देतील. ते प्या, सहा राघूंची हवी तेवढी स्तुती करा, आणि सातव्याबद्दल काही बोलू नका.